रात्री नऊला तापणारं छत: एका वरच्या मजल्यावरच्या घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

दोन मजली घर. खाली धाकट्या भावाचं कुटुंब, वर मोठ्या भावाचं. दोन्ही मजल्यांची आखणी सारखीच: दोन झोपायच्या खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, मिळून साठ चौरस मीटर. भिंती विटांच्या. वरच्या मजल्याच्या डोक्यावर १२५ मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब, त्यावर उतारासाठी घातलेला सरासरी १०० मिलिमीटर कोबा, आणि त्यावर थेट ऊन. बैठकीला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी.

वर राहणारी माणसं चार: नवरा, बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि आजी. घरातले बहुतेक निर्णय सूनबाईच घेतात; मी त्यांना ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. उन्हाळा लागला की आजी अंथरूण उचलून खाली धाकट्या लेकाकडे झोपायला जायच्या. मुलगा संध्याकाळी अभ्यासाला खालीच. एका खोलीत एसी होता, पण तो रात्री दोनपर्यंत एक क्षण न थांबता घरघरत राहायचा.

मला बोलावलं गेलं ते खरं तर भांडण मिटवायला. छताला आतून 'हीटप्रूफ' काम करून झालं होतं, ठेकेदाराला उरलेले पैसे हवे होते आणि ताई म्हणत होत्या, "काहीही फरक पडलेला नाही." ठेकेदार म्हणत होता, "ताई, तुमच्यासमोरच मोजून दाखवलं होतं ना!" दोघंही खरं बोलत होते. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच.

अडचण नेमकी कोणती होती

"घर तापतं" ही तक्रार फार मोघम आहे. कुठून तापतं, किती वाजता तापतं, हवा तापते की छत तापतं, हे कळल्याशिवाय उष्णता अडवणारं कोणतंही रोधक घेणं म्हणजे रोग न पाहता गोळी घेण्यासारखं.

या घरात पहिली चूक इथेच झाली होती. ठेकेदारानं पहिल्या भेटीत दुपारी एक वाजता छताला हात लावून पाहिला. छत कोमट. भिंतीही कोमट. मग त्यानं ठरवलं की थोडंफार काम पुरेल. दुपारी एकला गच्चीवर पाय ठेवता येत नाही आणि खालून छत मात्र कोमट लागतं, हे विचित्र वाटायला हवं होतं. कारण साधं आहे: काँक्रीटमधून उष्णता जाते खरी, पण रांगत जाते. वरच्या थरानं घेतलेली उष्णता आधी खालचा थर तापवते, मग तो त्याच्या खालचा. स्लॅब आणि कोबा मिळून सव्वादोनशे मिलिमीटरची वाट चालायला तिला सहाएक तास लागतात. दुपारी दोनचं ऊन घरात पोहोचतं ते रात्री आठ-नऊला, नेमकं आपण दमून पंख्याखाली बसतो तेव्हा.

मी ताईंना चार साधे तापमापक आणायला सांगितलं: एक छताला चिकटपट्टीनं टेकवून लावलेला, एक खोलीत छातीच्या उंचीवर, एक खालच्या मजल्यावर तशाच जागी, एक बाहेर सावलीत. दर दोन तासांनी वहीत आकडा. हे काम मुलानं घेतलं आणि तीन दिवस मनापासून केलं. रात्री बाराची नोंद मात्र ताईंच्या अक्षरात आहे.

वही पाहिल्यावर चर्चेला फारसं काही उरलं नाही. बाहेर दुपारी ४० अंश असलेल्या दिवशी छत सकाळी सातला ३३, दुपारी एकला ३५, संध्याकाळी पाचला ३८ आणि रात्री नऊला ४१ अंश होतं. रात्री दहाला बाहेर ३१, खालच्या मजल्यावर साडे-एकतीस आणि वरच्या खोलीत ३५. वर-खाली भिंती त्याच, खिडक्या त्याच, हवा तीच. फरक फक्त छताचा. खालचा मजला आयताच तुलनेला मिळाला, हे या प्रकरणातलं मोठं भाग्य. एरवी "कालच्यापेक्षा आज बरं वाटतंय" यातलं काम किती आणि हवामान किती, हे सांगता येत नाही.

आता या ४१ अंशांचा अर्थ. छतापासून खाली खोलीकडे, प्रारण (तापलेल्या पृष्ठभागातून थेट फेकली जाणारी उष्णता) आणि हवा दोन्ही धरून, अंशामागे चौरस मीटरला सुमारे सहा वॅट उष्णता येते. छत आणि खोली यांत सहा अंशांचा फरक, क्षेत्र साठ चौरस मीटर. गुणाकार दोन हजार वॅटच्या वर जातो. म्हणजे रात्री नऊ वाजता या घराच्या छताला दोन हजार वॅटचा हीटर टांगलेला होता आणि त्याला बटण नव्हतं.

"पण आम्ही खिडक्या सताड उघड्या ठेवतो," ताई म्हणाल्या. ठेवायलाच हव्यात. पण स्लॅबचं वजन धरा: साठ चौरस मीटर, १२५ मिलिमीटर, म्हणजे १८ टन काँक्रीट. ते एक अंशानं थंड व्हायला साडेचार युनिट उष्णता बाहेर जावी लागते. घरातली सगळी हवा मिळून जेमतेम दोनशे किलो. तिला एक अंश उतरायला त्याच्या सत्तर-ऐंशीवा हिस्सा पुरतो. खिडकीतून आलेली गार हवा घरातली गरम हवा पाच मिनिटांत हाकलते. स्लॅबला तिचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट अंगाला कळते पण तापमापकाला कळत नाही. माणसाची त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते. डोक्यावरचं छत ४१ अंश असेल तर अंगातली उष्णता त्याच्याकडे जाण्याऐवजी त्याच्याकडची अंगावर येते, मधली हवा कितीही गार असो. "पंखा गरम वारा टाकतो" ही आजींची तक्रार त्यामुळे निम्मीच बरोबर होती. वारा गरम होताच, पण भाजत होतं छत.

पहिला प्रयत्न आणि फसवी मोजणी

ठेकेदारानं केलं होतं ते असं: छताला आतून एक चकचकीत चंदेरी शीट चिकटवली, तिच्यावर अगदी घट्ट पीव्हीसीचे पॅनल ठोकले. शीट लावून झाल्यावर आणि पॅनल ठोकायच्या आधी त्यानं पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक काढला. उघड्या छतावर रोखला: ३९. शीटवर रोखला: ३१. ताईंनी स्वतः पाहिलं. कोणाचाही विश्वास बसेल.

हे यंत्र पृष्ठभागातून निघणारं प्रारण मोजतं आणि त्यावरून तापमानाचा अंदाज करतं. रंग दिलेली भिंत, काँक्रीट, लाकूड, आपली त्वचा, हे सगळे पदार्थ आपल्या तापमानाला साजेसं प्रारण पुरेपूर सोडतात, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. चकचकीत धातू मात्र त्याच्या पाच-दहा टक्केच सोडतो आणि समोरच्या वस्तूंचं प्रारण आरशासारखं परत फेकतो. शीटवर दिसलेले ३१ अंश बरेचसे खालच्या फरशीचे होते. मी ठेकेदाराकडूनच उरलेल्या शीटचा तुकडा मागून घेतला, गरम पाण्याच्या स्टीलच्या डब्याला गुंडाळला, त्याच्या अर्ध्या भागावर वायरमनची काळी टेप लावली आणि यंत्र त्याच्याच हातात दिलं. टेपवर ५८, टेपशेजारी ३४. डबा एकच, पाणी एकच. तो बराच वेळ कधी टेपवर, कधी शीटवर यंत्र रोखत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मी आजवर असंच दाखवत आलो." त्या माणसानं फसवलं नव्हतं, तोही फसला होता.

दुसरी चूक अधिक महागाची. चकचकीत शीट काम करते ती प्रारण अडवून, आणि प्रारणाला ओलांडायला मोकळी जागा लागते. शीटच्या निदान एका बाजूला हवेची पोकळी हवी. ती नसली, शीट दोन पदार्थांच्या मध्ये दाबून बसवली, की उष्णता सरळ वहनानं पार होते; आणि ॲल्युमिनियम तर उष्णतेचा उत्तम वाहक. इथे वर स्लॅब टेकलेला, खाली पॅनल टेकलेला. चंदेरी बाजू खोलीकडे उघडी ठेवली असती तर धूळ बसेपर्यंत थोडा फायदा खरोखरच झाला असता. पॅनल ठोकले आणि तोही गेला. दोन दिवसांनी पॅनलच रात्री ३९ अंशांवर.

रोधक म्हणजे काय, हे या निमित्तानं

"कोणता माल थंड असतो?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. थंड माल असा नसतोच. रोधक थंडावा निर्माण करत नाही, उष्णतेची चाल मंद करतं, आणि तेही दोन्ही दिशांनी. उन्हाळ्यात बाहेरची आत येताना, थंडीत आतली बाहेर जाताना.

उष्णता तीन वाटांनी जाते: पदार्थातून वहनानं, वाहत्या हवेबरोबर अभिसरणानं आणि मोकळ्या जागेतून प्रारणानं. स्थिर हवा ही वहनाला फार वाईट वाट आहे. तिची वाहकता, म्हणजे उष्णता पुढे नेण्याची क्षमता, ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति अंश. पण हवा स्थिर राहत नाही, मोठी पोकळी मिळाली की फिरू लागते. म्हणून तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडायचं. काचलोकर म्हणजे तंतूंमध्ये अडकलेली हवा, थर्माकोल म्हणजे मण्यांत अडकलेली हवा. एक्सपीएस नावाचा दाट फोमही त्याच कुळातला, फक्त त्याचे कप्पे पूर्ण बंद असतात. त्याची वाहकता ०.०३३ च्या आसपास, विटेची ०.७, काँक्रीटची १.६.

जाडी मीटरमध्ये घेऊन तिला वाहकतेनं भागलं की त्या थराचा रोध मिळतो. ७५ मिलिमीटर एक्सपीएसचा रोध सव्वादोनच्या पुढे जातो. तेवढाच रोध काँक्रीटनं द्यायचा तर साडेतीन मीटरहून जाड स्लॅब घालावा लागेल. "स्लॅब जाड असता तर बरं झालं असतं" असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो. जाड स्लॅबमुळे उष्णता उशिरा येते, कमी झाल्यासारखी वाटतेही, पण ती अडलेली नसते.

आणि ओलावा. पाण्याची वाहकता ०.६, म्हणजे स्थिर हवेच्या वीसपट. कप्प्यांत हवेऐवजी पाणी शिरलं की रोधक नुसतं नावाला उरतं. पुढे आमचा सगळ्यांत मोठा निर्णय यावरच अडला.

समोरचे पर्याय

गच्चीला पांढरा परावर्तक रंग, आतून काचलोकर घालून फॉल्स सीलिंग, आणि गच्चीवर वरून रोधक: असे तीन गंभीर पर्याय होते. चौथा दुसरा एसी, जो घरातल्या कर्त्या पुरुषाचा आवडता होता. एसी उष्णता आत आल्यावर बाहेर काढतो, येताना अडवत नाही. त्यावर वेळ घालवला नाही.

पांढऱ्या रंगाचा विचार मी हलक्यात घेत नाही. भर दुपारी सपाट गच्चीवर चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. जुना मळकट करडा कोबा त्यातलं ७० टक्के शोषतो, म्हणजे ६३० वॅट. नवा पांढरा रंग पाव हिस्सा शोषतो, म्हणजे सव्वादोनशे. एका दिवसाच्या कामात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. पण धूळ बसते, शेवाळ चढतं, आणि दरवर्षी धुतला नाही तर रंग पुन्हा करडा. शिवाय बाहेरची हवाच ४० अंश असते तेव्हा रंग ऊन परतवतो, हवेची उष्णता नाही. ताईंनी सरळ विचारलं, "म्हणजे एवढंच करून भागेल का?" मी म्हटलं, निम्मं भागेल.

फॉल्स सीलिंगच्या बाजूनं बरंच काही होतं. एकेक खोली करता येते, गच्चीला हात लागत नाही, काचलोकर जळत नाही, ५० मिलिमीटरमध्ये चांगला रोध मिळतो. पण स्लॅब उघड्यावरच राहतो, रोज तापतो, रोज आकसतो, त्याच्या भेगा वाढत राहतात. खोलीची उंची कमी होते, पंखे खाली येतात. आणि या घरात एक खास अडचण: आजींच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल होती. ती झाकून टाकली असती तर ती आत काय करते आहे हे दिसलंच नसतं.

वरून रोधक घातलं की स्लॅब रोधकाच्या आतल्या बाजूला येतो. मग तो १८ टनांचा ऐवज उलट उपयोगी पडतो: रात्रीच्या गार हवेनं हळूहळू उतरतो आणि दिवसा खोलीला सावरून धरतो. तोट्यात खर्च जास्त, काम मोठं, गच्चीची पातळी वाढणार, वजन वाढणार, आणि ज्यावर घालायचं ती गच्ची गळकी असेल तर सगळं व्यर्थ.

निर्णय

पर्याय ठरला तो आजींच्या कोपऱ्यातल्या ओलीवरून. त्या कोपऱ्यावरचा कोबा एका ठिकाणी फोडून पाहिला. पावसाला काही महिने उलटले होते, तरी आतला चुरा मुठीत दाबला तर गोळा होत होता. अशा कोब्यावर रोधक घातलं असतं तर पाणी खालीच कोंडलं असतं. म्हणून वरून काम करायचं, पण आधी कोबा काढायचा आणि वॉटरप्रूफिंग नव्यानं करायचं.

घरमालकांना हे पटेना. "चांगला कोबा फोडायचा?" काम जवळपास दुप्पट होणार होतं, त्यांचा संताप मी समजू शकत होतो. त्यांना वजनाच्या हिशेबानं पटलं. कोबा चौरस मीटरला अंदाजे १८० किलो. नवा थर, म्हणजे फोम आणि वरचं ५० मिलिमीटर काँक्रीट, सव्वाशे किलोच्या आत. काढल्यानं स्लॅबवरचा भार कमीच होणार होता. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच पुढे गेलो.

मग जाडी. मी आकडे मांडले. चौरस मीटरमागे एका अंशाला किती वॅट जातात, तो यू-मूल्याचा हिशेब: आहे तसं छत २.३, त्यावर २५ मिलिमीटर फोम घातला तर ०.८४, ५० ला ०.५१, ७५ ला ०.३७, १०० ला ०.२९. पहिल्या २५ मिलिमीटरमध्येच जवळपास दोन तृतीयांश उष्णता अडते. पुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी देतो. तरी आम्ही ७५ घेतलं, कारण मजुरी, वॉटरप्रूफिंग, वरचं काँक्रीट हे सगळं जाडी कितीही असली तरी तेच आणि हे काम कोणी पुन्हा उकरणार नाही. ५० घेतलं असतं तर चूक म्हटली नसती.

क्रमावरही वाद झाला. मिस्त्रींना सवयीप्रमाणे फोम खाली आणि वॉटरप्रूफिंग सगळ्यांत वर हवं होतं. मी उलटं सांगितलं: स्लॅबवर उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर फोम, वर काँक्रीट. वॉटरप्रूफिंग फोमखाली गेलं की त्याला ऊन लागत नाही, रोजचा ताप-थंडीचा ताण जातो, आयुष्य वाढतं. मात्र अशा उलट्या रचनेत फोम ओला होणार हे गृहीत धरावं लागतं, आणि म्हणून इथे बंद कप्प्यांचा एक्सपीएसच हवा. स्वस्तातला थर्माकोल तिथे पाणी पितो.

प्रत्यक्ष काम

कोबा निघाला, स्लॅबच्या दोन भेगा भरल्या, पातळ उतार दिला, वॉटरप्रूफिंग केलं आणि गच्चीत ४८ तास पाणी साठवून ठेवलं. पहिल्या खेपेला पन्हाळाच्या तोंडापाशी पाझर निघाला. तिथलं काम पुन्हा केलं, पुन्हा ४८ तास. ही चाचणी टाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण चार दिवस काहीच घडत नाही.

फोम बसवायच्या दिवशी मिस्त्री चिकटद्रव्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडताच रंगाच्या थिनरसारखा वास. मी एका तुकड्यावर चमचाभर ओतायला सांगितलं. आम्ही चहा घेऊन परत आलो तर तुकड्यात बोट जाईल एवढा खड्डा पडला होता, कडा वितळलेल्या मेणासारख्या. एक्सपीएस आणि थर्माकोल दोन्ही पॉलिस्टायरीनचे. अशा द्रावकात ते विरघळतात. डबा परत गेला. उलट्या रचनेत चिकटवायची गरजही नसते, वरचं वजनच धरून ठेवतं.

ते वजन येईपर्यंत मात्र धरायला काही नसतं, हे संध्याकाळी कळलं. एक शीट दोन किलोची. वारा सुटला आणि अर्धी रांग कठड्याला जाऊन उभी राहिली, एक खाली अंगणात. दुसऱ्या दिवसापासून जेवढं अंथरलं तेवढ्यावर लगेच जाळी आणि काँक्रीट, असं ठरलं. उन्हासाठीही ते बरंच, कारण हा फोम उघडा राहिला तर पृष्ठभाग पिवळा पडून भुकटी सुटते.

सांधे एकाखाली एक येऊ दिले नाहीत. शीटच्या कडा एकमेकींवर बसणाऱ्या होत्या, त्यामुळे फटी राहिल्या नाहीत. वरच्या काँक्रीटला ठरावीक अंतरावर कापे घेतले आणि शेवटी पांढरा रंग दिला. निम्मं भागवणारा तो पर्याय आम्ही सोडला नव्हता, वर जोडला. गच्चीच्या दाराचा उंबरा फक्त तीन सेंटिमीटरनं वाढवावा लागला. कोबा काढला नसता तर दारच कापावं लागलं असतं.

परिणाम

पुढच्या उन्हाळ्यात तीच वही, तेच तापमापक, त्याच जागा. बाहेर ४० अंश असलेला दिवस निवडला. छत सकाळी ३१, रात्री नऊला ३३. दिवसभरात दोन अंशांची हालचाल, जिथे आधी आठ होती. रात्री दहाला वरची खोली ३२, खालची ३१. आधी वर-खाली साडेतीन अंशांचा फरक होता, आता एक. छतातून येणारी उष्णता दोन हजारांवरून साडेतीनशे वॅटवर आली. एसी आता तासाभरात गप्प होतो. पहिल्या रात्री तो बंद पडला असं वाटून ताईंनी रिमोटचे सेल बदलले.

दुपारची गोष्ट वेगळी. तीन वाजता खोली आधी साडे-चौतीस होती, आता साडे-तेहतीस. एवढाच फरक. कारण दुपारी घर तापवण्यात छताचा वाटा मुळातच कमी होता. तेव्हाची उष्णता पश्चिमेच्या खिडकीतून आणि उघड्या खिडक्यांतल्या हवेतून येत होती. सवय बदलायला महिना गेला. ताई भर दुपारी "वारा येऊ दे" म्हणून खिडक्या उघडायच्या. रोधक असलेल्या घरात हे उलट करायचं: सकाळी ऊन चढलं की खिडक्या-पडदे बंद, सूर्य कलून बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडं. नाहीतर दिवसा आत शिरलेली उष्णता रात्री बाहेर जायलाही रोधक तितकंच अडवतं.

आणि एक दोष राहिला. पश्चिमेच्या भिंतीलगत छताला हात लावला तर वीतभर रुंदीचा पट्टा गरम लागतो. मधे ३३ आणि तिथे ३६. फोम कठड्यापाशी थांबवला आहे. पण कठडा स्लॅबशी एकसंध, तो दिवसभर उन्हात तापतो आणि उष्णता कडेनं आत उतरवतो. रोधकाला वळसा घालणारी ही वाट नकाशावर मला दिसायला हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

तीन दिवसांची वही सगळ्यांत आधी यायला हवी होती. ती असती तर चंदेरी शीट आणि पॅनल यांचा खर्च झालाच नसता. इन्फ्रारेड यंत्र वाईट नाही, पण चकचकीत पृष्ठभागावर ते रोखण्याआधी टेपचा तुकडा लावावा, आणि छत मोजायचं तर दुपारी नव्हे, रात्री नऊला मोजावं.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली देण्याचं काम मी शेवटाला ठेवलं, ते आधी घ्यायला हवं होतं. पडदा आत असला तर ऊन काचेतून आत आल्यावर अडतं, बाहेर असला तर येण्याआधीच. दोन दिवसांचं काम होतं आणि दुपारच्या त्या एका अंशाच्या नाराजीतला बराच भाग गेला असता. मोठ्या कामाच्या नादात लहान काम मागे पडलं.

कठड्याच्या आतल्या बाजूला फोम वर वळवून न्यायला हवा होता, निदान पश्चिमेला. तेव्हा मिस्त्री गच्चीवर होते, माल उरला होता, अर्ध्या दिवसात झालं असतं. आता तेच काम वेगळं काढावं लागणार. उरलेल्या सहा शीट जिन्याखाली, उन्हापासून झाकून ठेवल्या आहेत.

ठेकेदाराचे पैसे ताईंनी पॅनलपुरते दिले, शीटचे दिले नाहीत, आणि तोही त्याला तयार झाला. आजी वर झोपायला लागल्या. फक्त पलंग त्यांनी पश्चिमेच्या भिंतीपासून सरकवून खोलीच्या मधोमध आणला आहे, आणि कठड्याचं काम कधी करणार हे त्या मला दर भेटीत विचारतात.